नव्या घरात रेडॉनचा पाइप असतो, तरी टेस्ट का करायची?

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. नवीन घर घेतल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर बेसमेंटमधून थेट छपरापर्यंत गेलेला एक पांढरा पाइप दाखवला. "बिल्डर म्हणाला, हा रेडॉनसाठी आहे, आता टेन्शन नाही." मीही मान डोलावली. पण नंतर तिथले नियम वाचले आणि त्याला लगेच फोन केला.

रेडॉन म्हणजे काय?
जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत उबदार घरातली हवा वर जाते, खाली दाब कमी होतो आणि घर जमिनीतला वायू आत ओढून घेतं. अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरचं हे धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण मानलं जातं.

नियम काय सांगतो?
अमेरिकेच्या मॉडेल कोडमध्ये रेडॉनसाठी वेगळं परिशिष्ट आहे. राज्याने किंवा शहराने ते स्वीकारलं तरच ते लागू होतं. मिनेसोटात नव्या घरांना २००९ पासून अशा बांधकामाची सक्ती आहे. त्यात साधारण एवढं येतं:

- जमिनीच्या स्लॅबखाली ४ इंच खडी
- खडीवर प्लास्टिकची शीट
- भेगा आणि सांधे सीलंटने बंद
- खडीतून निघून छपराच्या किमान १२ इंच वर जाणारा ३ इंची पाइप
- पुढे पंखा बसवता यावा म्हणून विजेची सोय

मग अडचण कुठे?
शेवटचा मुद्दा परत वाचा. पंख्याची सोय असते, पंखा नसतो! पाइपमधली गरम हवा आपोआप वर जाते, त्यावरच सगळं चालतं. काही घरांत तेवढं पुरतं, काहींत नाही. पाइपकडे बघून ते कळत नाही.

टेस्ट कशी करायची?
फोनमधल्या कुठल्याच सेन्सरला रेडॉन कळत नाही, त्यामुळे नुसत्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. टेस्ट किट किंवा डिजिटल मॉनिटर लागतो. अ‍ॅप फक्त त्याचं रीडिंग दाखवतं. तो राहत्या सर्वात खालच्या मजल्यावर ठेवायचा. काही दिवसांची टेस्ट असेल तर खिडक्या बंद हव्यात. रीडिंग ४ पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजेच १४८ बेकरेल प्रति घनमीटर किंवा जास्त आलं, तर उपाय करा असं तिथली पर्यावरण संस्था सांगते.

भावाचं रीडिंग ६ च्या वर आलं. पाइप तयारच होता, त्यामुळे माळ्यावर पंखा बसवायला तोडफोड लागली नाही. आता ते २ च्या खाली आहे. तुमचं कुणी तिकडे नवीन घर घेत असेल, तर त्यांना एकच प्रश्न विचारा: टेस्ट केली का?