टेकड्यांची स्टेज कोण मारणार, हे आधी ओळखता येतं का? टूर द फ्रान्सचा एक आठवडा बघा

१० जुलै २०२५. टूर द फ्रान्सची सहावी स्टेज, बायोपासून वीर नावाच्या गावापर्यंत (हो, गावाचं नाव खरंच वीर आहे). पिवळी जर्सी तादेय पोगाचारच्या अंगावर होती. जगातला सगळ्यात तगडा सायकलपटू तो आणि सगळ्यात तगडी टीमही त्याचीच. स्टेज संपली तेव्हा पोगाचार पहिल्यापेक्षा ५ मिनिटं २७ सेकंद मागे होता आणि पिवळी जर्सी मातियू वान डेर पूलकडे गेली होती. फरक किती? फक्त १ सेकंद.

सोशल मीडियावर लगेच सुरू झालं, पोगाचार संपला, टीमचं गणित चुकलं वगैरे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जर्सी परत त्याच्याकडे आली आणि पुढे टूरही त्यानेच जिंकली.

मग त्या दिवशी नेमकं झालं काय? हे समजलं तर टेकड्यांच्या स्टेजचा अंदाज कसा बांधायचा, हे निम्मं समजलं.

आधी टेकड्यांची स्टेज म्हणजे काय ते बघू. सपाट रस्त्याची स्टेज असेल तर शेवटी स्प्रिंटर जिंकणार, हे शाळकरी पोरगंही सांगेल. आल्प्स किंवा पिरेनीजची स्टेज असेल तर हलक्या अंगाचे क्लाइंबर. टेकड्यांची स्टेज या दोघांच्या मधली. चढ लहान असतात, एखाद-दोन किलोमीटरचे, पण सारखे येतात आणि तीव्र असतात. आठ-दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात तर आठ-दहा मीटर वर. वीरच्या स्टेजला दिवसभरात सगळे चढ मिळून साडेतीन हजार मीटरच्या आसपास चढाई होती. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे हिशोब करा.

अशा रस्त्यावर जिंकणाऱ्या खेळाडूंना फ्रेंचमध्ये 'पंशर' म्हणतात. वाचताना पंक्चरचं दुकान आठवलं तर तुमचा दोष नाही. मिनिटभर, दोन मिनिटं प्रचंड ताकद लावून ठोसा मारणारा, असा त्याचा अर्थ.

आता या स्टेज अवघड का असतात? कारण हवा. सपाट रस्त्यावर चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललात तर मेहनत पाव ते एक तृतीयांश कमी होते, मोठ्या घोळक्याच्या मधोमध असाल तर त्याहूनही कमी. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. चढावर मात्र वेग पडतो, आडोशाचा फायदा घटतो आणि प्रत्येकाला आपापलं वजन स्वतः ओढावं लागतं. सपाटीवर टीम जिंकते, घाटात पाय. टेकड्यांच्या स्टेजमध्ये दर दहा मिनिटांनी हे पारडं इकडून तिकडे झुकतं, म्हणून अंदाज चुकतात.

पहिला प्रश्न 'कोण तगडा' हा नसतोच

अंदाज बांधताना बहुतेक लोक खेळाडूंची यादी काढून त्यात सगळ्यात जबरदस्त कोण ते बघतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाठलाग कोण करणार?

प्रत्येक स्टेजला सुरुवातीला काही जण घोळक्यातून निसटतात. याला ब्रेकअवे म्हणतात. हे लोक सहसा पकडले जातात, कारण मागे दीडशेहून जास्त लोक आळीपाळीने हवा कापू शकतात. पण 'शकतात' आणि 'कापतात' यात फरक आहे. हवा कापायला कुणीतरी आपली माणसं झिजवावी लागतात. त्या माणसांना 'डोमेस्टिक' म्हणतात, सरळ मराठीत घरगडी. गडी कुणाचे झिजवायचे, यावर रोज घासाघीस चालते.

वीरच्या स्टेजचा ब्रेकअवे आठ जणांचा होता: बेन हीली, क्विन सिमन्स, मायकल स्टोरर, सायमन येट्स, एडी डनबार, हॅरॉल्ड तेहादा, विल बार्टा आणि वान डेर पूल. हे आठ जण आठ वेगवेगळ्या टीमचे होते. शर्यतीत एकूण २३ टीम होत्या. म्हणजे आठ टीमना पाठलाग करायचं कारणच उरलं नाही, आपलाच माणूस पुढे असताना त्याला कोण पकडणार? येट्स हा योनास विंगेगार्डच्या टीमचा, म्हणजे पोगाचारच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याची टीमही निवांत.

उरला पोगाचारचा यूएई संघ. त्यांनी काय बघितलं असेल? पुढे असलेल्यांत एकूण क्रमवारीत सगळ्यात जवळचा वान डेर पूल, १ मिनिट २८ सेकंद मागे. तो जबरदस्त आहे, पण उंच डोंगरात तो टिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे जर्सी जाईल, टूर जाणार नाही. उलट जर्सी अंगावर असली की रोज पोडियम, मुलाखती, पत्रकार परिषद, हॉटेलवर पोचायला उशीर, आणि वर रिवाजाप्रमाणे घोळका ओढायची जबाबदारी तुमच्या टीमची. टूर तीन आठवड्यांची असते. सहाव्याच दिवशी गडी दमवून काय मिळवायचं? त्यामुळे यूएईने जीव तोडून पाठलाग केला नाही. वान डेर पूल शेवटी पार थकला होता, तरी पोगाचारच्या १ मिनिट २९ सेकंद आधी पोचला. १ सेकंदाने जर्सी त्याची.

म्हणजे 'आज ब्रेकअवे जिंकणार का?' याचं उत्तर पुढच्यांच्या पायांपेक्षा मागच्यांच्या मनात असतं.

पुढच्या आठ जणांत हीलीच का?

आठ जण पुढे आहेत म्हणजे आठ जण मित्र आहेत असं नाही. घोळका मागे आहे तोवर सगळे मिळून हवा कापतात, आपण पकडले जात नाही याची खात्री पटली की त्याच क्षणापासून एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. वान डेर पूलला वेळ हवा होता, जर्सीसाठी. बाकीच्यांना स्टेज हवी होती. आणि शेवटपर्यंत वान डेर पूल सोबत राहिला तर स्प्रिंटमध्ये तो चिरडणार, हेही उघड होतं.

आयर्लंडच्या हीलीने मग ४२ किलोमीटर बाकी असतानाच सुटका करून घेतली. इतक्या लवकर एकट्याने पळणं वेडेपणा वाटतो. पण ज्याचा स्प्रिंट इतरांपेक्षा कमी आहे त्याच्यासाठी शेवटपर्यंत थांबणं हाच वेडेपणा. मागच्या सात जणांपैकी जो कुणी हीलीच्या मागे जाईल, तो उरलेल्या सहांना फुकटात घेऊन जाणार. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. तेवढ्यात हीली गेला. सिमन्स २ मिनिटं ४४ सेकंदांनी दुसरा आला, स्टोरर तिसरा. हीलीचा टूरमधला हा पहिला स्टेज विजय.

जुन्या लोकांकडे यासाठी एक ठोकताळा आहे. रोबेर शापात नावाचे फ्रेंच समालोचक होते, आधी स्वतः सायकलपटू. त्यांच्या नावाचा नियम असा: दर १० किलोमीटरला १ मिनिट. ३० किलोमीटर बाकी असताना पुढच्याकडे तीन मिनिटांपेक्षा जास्त आघाडी असेल तर तो वाचू शकतो, कमी असेल तर पकडला जाणार. आजच्या वेगात हा नियम तंतोतंत लागू होत नाही आणि चढ-उतारावर तर आणखी ढिला पडतो, कारण वळणावळणाच्या रस्त्यावर मोठ्या घोळक्याला वेग धरता येत नाही. तरी लाइव्ह बघताना डोक्यात ठेवायला उत्तम आहे.

शेवटचा चढ कुठे आहे?

आता दुसरी शक्यता धरा. पाठलाग झाला, ब्रेकअवे पकडला गेला आणि सगळे तगडे एकत्र शेवटाकडे निघाले. मग स्टेजचा नकाशा उघडायचा आणि दोनच गोष्टी बघायच्या: शेवटचा चढ किती लांब आणि रेषेपासून किती दूर. त्याच आठवड्यात याचे तीन नमुने मिळाले.

दुसरी स्टेज, बुलोन-सुर-मेर. शेवटी छोटे चढ आणि रेषेजवळही रस्ता चढता. फार लांब नाही, म्हणून वजनदार पण स्फोटक माणूस टिकतो. वान डेर पूल पहिला, पोगाचार दुसरा, विंगेगार्ड तिसरा.

चौथी स्टेज, रूआँ. रेषेच्या पाचेक किलोमीटर आधी राम्प सँ-इलेर नावाचा चढ. लांबी ९०० मीटर, पण सरासरी १०.६ टक्के. इथे पोगाचारने हल्ला केला, विंगेगार्ड त्याच्या मागे लागला, पण चढ संपल्यावर उरलेल्या रस्त्यात मागचे पोचले. शेवटी लहान गटाचा स्प्रिंट झाला. पोगाचार पहिला, वान डेर पूल दुसरा. पोगाचारच्या कारकिर्दीतला हा शंभरावा विजय. चढ रेषेपासून जितका दूर, तितका हल्ला वाया जायची शक्यता जास्त, हे इथे दिसलं.

सातवी स्टेज, म्यूर-द-ब्रेतान्य. चढ २ किलोमीटर, सरासरी ६.९ टक्के आणि रेषा चढावरच. हल्ला करून पुढे सपाटी नाही, म्हणजे मागच्यांना सावरायला जागा नाही. पोगाचार पहिला, विंगेगार्ड दुसरा. वान डेर पूल मिनिटापेक्षा जास्त मागे पडला.

आता गंमत बघा. याच चढावर २०२१ मध्ये वान डेर पूल जिंकला होता आणि पिवळी जर्सी मिळवली होती. त्याचे आजोबा रेमों पुलिदोर फ्रान्सचे लाडके खेळाडू. टूरमध्ये अनेकदा दुसरे-तिसरे आले, पण आयुष्यात एक दिवसही पिवळी जर्सी घालायला मिळाली नाही. नातवाने पहिल्याच टूरच्या दुसऱ्या दिवशी ती मिळवली. मग चार वर्षांनी तोच माणूस त्याच चढावर मागे का? २०२१ ला तो ताजा होता. २०२५ ला तो आदल्याच दिवशी ब्रेकअवेमध्ये स्वतःला पिळून काढून आला होता. नकाशा तोच, पाय वेगळे. म्हणून आजच्या स्टेजचा अंदाज बांधताना कालचा निकाल उघडून बघायचा, आणि जिंकणाऱ्यापेक्षा दमलेला कोण ते शोधायचं.

२०२१ ची आणखी एक गोष्ट. चढ दोनदा होता आणि पहिल्या फेरीत माथ्यावर बोनस सेकंद होते. वान डेर पूलने पहिल्याच फेरीत हल्ला करून आठ सेकंद खिशात टाकले. बघणाऱ्यांना वाटलं, घाई करतोय. त्याचा हिशोब जर्सीचा होता.

हे बोनस सेकंद अंदाजात धरायला लोक विसरतात. स्टेज जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४. बुलोनला वान डेर पूलला १० आणि पोगाचारला ६, म्हणजे फरक ४. रूआँला उलट, पोगाचार १०, वान डेर पूल ६. चौथ्या स्टेजनंतर दोघांची वेळ सेकंदाला सेकंद सारखी झाली आणि स्टेजमधल्या क्रमांकांवर जर्सी वान डेर पूलकडे राहिली. शेवट चढाचा आणि दोन मोठ्या नावांत थोडकाच फरक असेल, तर त्यांच्या टीम ब्रेकअवेला सोडत नाहीत, कारण पुढचे पकडले तरच ते सेकंद मिळणार.

एवढं सगळं जमवूनही एक गोष्ट हातात राहत नाही. म्यूर-द-ब्रेतान्यच्या पायथ्याकडे सगळ्यांनाच पुढची जागा हवी असते, रस्ता अरुंद आणि वेग भयानक. २०२५ ला रेषेच्या सहाएक किलोमीटर आधी मोठी पडापड झाली. पोगाचारचा सगळ्यात भरवशाचा साथीदार जुआओ अल्मेडा त्यात सापडला. बरगडी मोडली, दोन दिवस तसाच चालवला आणि नवव्या स्टेजला शर्यत सोडली. त्या संध्याकाळी निकालाच्या पाटीवर पोगाचार पहिला दिसत होता. पुढच्या दोन आठवड्यांच्या डोंगरांसाठी त्याच्या टीमचं किती नुकसान झालं, ते पाटीवर नव्हतं.

हे गणित आपल्याकडेही लावून बघता येतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची परंपरा आहे. पण घाट संपला की पुण्यापर्यंत साठेक किलोमीटर बऱ्यापैकी सपाट रस्ता उरतो. म्हणजे राम्प सँ-इलेरची गोष्ट, फक्त कितीतरी मोठी. घाटात एकटा सुटलेला माणूस पुण्यापर्यंत हवेशी एकटाच भांडणार, आणि मागे सात-आठ जणांचा गट जमला तर तो लोणावळ्यानंतर हळूहळू अंतर खात येणार. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. पुढच्या वेळी तिचे नकाशे जाहीर झाले की शेवटच्या घाटमाथ्यापासून रेषेपर्यंतचं अंतर आधी मोजा. ते पाच किलोमीटरच्या आत असेल तर क्लाइंबरचं नाव घ्या. वीसच्या पुढे असेल तर घाटात मागे पडूनही परत येऊ शकणारा स्प्रिंटर शोधा, आणि त्याला ओढून आणायला त्याच्या टीमचे किती गडी शिल्लक असतील तेही मोजा.