भट्टीसकट घर विकणे आहे

मागच्या महिन्यात एका फ्रेंच मित्राने घराची जाहिरात पाठवली. वर एवढंच लिहिलेलं, "घेऊन टाक!" फ्रान्सच्या मध्यभागी क्रझ नावाचा जिल्हा आहे, तिथल्या खेड्यातलं जुनं दगडी घर. आतून नवंकोरं केलेलं. सोबत गोठा, त्यावर गवताचा माळा आणि पाव भाजायची भट्टी.

घ्यायची ऐपत नाही आणि विचारही नाही. तरी फोटो बघत बसलो. खिडक्या चांगल्या रुंद होत्या, म्हणजे नंतर पाडलेल्या असणार. तिकडच्या जुन्या घरांच्या खिडक्या लहान असतात. थंडी हे एक कारण. शिवाय १७९८ पासून १९२६ पर्यंत फ्रान्समध्ये दारं-खिडक्या मोजून कर घेत असत!

पण या गोठ्यातली गुरं आणि त्या भट्टीतला पाव खाणारी माणसं गेली कुठे?

१८५१ साली क्रझची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. आज ती सव्वा लाखाच्याही आत आहे. जमीन हलकी, त्यामुळे पुरुष गवंडीकामाला पॅरिस गाठत. मार्चच्या सुमारास पायी निघायचं, थंडी सुरू झाली की पैसे घेऊन परतायचं. मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं बायका सांभाळत. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच. १८३० मध्ये, १४ वर्षांचा असताना, बापाबरोबर निघाला. पुढे १८४९ साली हा गवंडी संसदेत निवडून आला आणि १८५१ च्या सत्तापालटानंतर परागंदा झाला. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या, म्हणून हे सगळं आपल्याला कळतं.

मग रेल्वे आली. गावी परतायची सोय झाली असं वाटेल, पण झालं उलटंच. बायकामुलांना घेऊन तिकडेच राहायची सोय झाली. नंतर पहिलं महायुद्ध. सुमारे १४ लाख फ्रेंच सैनिक गेले, त्यात शेतकऱ्यांची पोरं फार. क्रझमधल्या जाँत्यू गावी त्यांचं स्मारक आहे. त्यावर विजयी सैनिक नाही, एक अनाथ पोरगा मूठ उगारून उभा आहे आणि खाली लिहिलंय, "युद्धाला शाप असो." उरलीसुरली माणसं १९४५ नंतर ट्रॅक्टरने कमी केली. घरांना कुलपं लागली.

त्यात नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा. न्याय्यच आहे. पण वारस वाढत गेले की छप्पर कोणी दुरुस्त करायचं?

इथे मी थांबलो. कारण आमच्या कोकणातल्या घराच्या कागदावर अकरा नावं आहेत. चुलतभाऊ तीन वर्षं म्हणतोय, विकून टाकू. मी तत्त्व म्हणून नाही म्हणतोय, आणि त्या तीन वर्षांत कौलं चाळायला एकदाही गेलेलो नाही.

फोटोतलं घर उभं आहे, कारण कोणीतरी ते विकलं आणि दुसऱ्या कोणीतरी त्याचं छप्पर नीट केलं. भट्टीत आता पाव भाजत नसतील, पण भट्टी आहे.

असो. रविवारी चुलतभावाला फोन करायचा आहे. यावेळी कौलांचा खर्च तरी देईन, नाहीतर सही तरी.