पोथीचं शेवटचं पान

आजचा एपिसोड मारेगावच्या एका घरातून सुरू होतो. घर माझ्या मामांचं.

दिवाळीची साफसफाई चालली होती. लाकडी पेटीतून मामीनं लाल कापडात बांधलेली एक पोथी काढली. सुटी पानं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. "जुन्या पोथीले फाडू नाई, जाळू नाई. वर्धेत सोडून देऊ," मामी म्हणाली. आपल्याकडे हीच रीत. पोथीचा अपमान नको, म्हणून पोथी नदीत. श्रद्धेपोटीच आपण किती पोथ्या बुडवल्या असतील, विचार करा.

मी पोथी उघडली. 'शिवलीलामृत'. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीत पूर्ण केला. छापील प्रत आज कुठल्याही यात्रेत मिळते. मग या फाटक्या प्रतीत दुर्मिळ काय?

तर तिचं शेवटचं पान. जुने लेखनिक ग्रंथ संपला की खाली चार ओळी लिहायचे: कोणी लिहिलं, कुठे, कधी, कोणासाठी. तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून पोथी जपा, अशी विनंतीही पुष्कळदा असते. या मजकुराला पुष्पिका म्हणतात. आमच्या पानावर होतं शके १७७१. शकात ७८ मिळवा, म्हणजे साधारण इसवी सन निघतं: १८४९. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांकडे कारभार गेला तो १८५३ मध्ये. त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. म्हणजे ही पोथी रेल्वेच्याही आधीची! लेखनिकाचं नाव कसरीनं खाल्लेलं. पण एवढं वाचता आलं: 'मातोश्रींचे वाचनार्थ'. कुणीतरी आपल्या आईसाठी ही अख्खी पोथी हातानं उतरवली होती.

अशा पोथ्या शोधत फिरणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. यवतमाळचे य. खु. देशपांडे त्यातलं मोठं नाव. तिथल्या शारदाश्रम या संस्थेमागे तेच होते. त्यांनी विशेष अभ्यास केला तो महानुभाव पंथाच्या ग्रंथांचा. ते काम सोपं नव्हतं. या पोथ्या मठांमध्ये होत्या, आणि बऱ्याचशा सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहिलेल्या. आजच्या भाषेत पासवर्ड लावलेल्या! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे हे कुलूप उघडलं आणि मराठी साहित्याच्या इतिहासात मोलाची भर पडली.

पण मला संशोधकांइतकेच ते मालक महत्त्वाचे वाटतात, ज्यांनी पोथ्या इतकी वर्षं सांभाळल्या. 'लीळाचरित्रा'चंच बघा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून हा ग्रंथ तयार केला. परंपरा सांगते की पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना लीळा पाठ होत्या, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यातला एक पाठ हिराइसा नावाच्या बाईच्या नावानं ओळखला जातो. पोथी हरवली, पण माणसांनी ती सोडली नाही.

म्हणून एक सांगणं. घरात जुनं पुस्तक सापडलं, तर आधी पहिलं आणि शेवटचं पान बघा. नाव, शिक्का, किंमत, कुणाला भेट दिलं, काहीही असेल. ते खोडू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पानं सपाट ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे आपल्याकडे आलं कुठून? उत्तर आजच रेकॉर्ड करा. पुस्तकाची दुसरी प्रत कधीतरी मिळेल, पण ते उत्तर सांगणारं माणूस पुन्हा मिळणार नाही.

मामीला मी ती ओळ वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे कोणाच्या तरी मायसाठी लिवली होती. मंग नदीत कायले सोडाची?" आणि जरा थांबून, "माह्यं नाव कुठं लिवू?"

पोथीवर नाही, मामी. वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलनं. ती चिठ्ठी आता लाल कापडात पोथीसोबत आहे.

तुमच्या घरातल्या पेटीत काय आहे? बघा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!