शरबत, सोडा आणि चचांचा आक्षेप

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा निकाह झाला. जेवणाचं काम ज्याला दिलं होतं त्या केटररनं पदार्थांची यादी आणून दिली. बिर्याणी, दालचा, जर्दा हे सगळं ओळखीचं होतं. पण यादीच्या अगदी वर लिहिलं होतं, 'वेलकम ड्रिंक : सिट्रस स्पार्कल मॉकटेल'. भाचीला ते फार आवडलं. लिंबू, संत्रं, पुदिना आणि वरून सोडा, तेही उंच दांडीच्या काचेच्या ग्लासात.

माझ्या चचांनी यादी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अपने में ये नै चलता." चचा पंचाहत्तरीचे आहेत. बापाच्या मागे आम्हा बहिणींना त्यांनीच शिकवलं, माझ्या बी.एड.ची फीसुद्धा त्यांनीच भरली. त्यामुळे त्यांचा शब्द घरात कोणी सहज खाली पडू देत नाही. त्यांचे आक्षेप तीन होते. हे नाव दारूच्या नावावरून घेतलेलं आहे, हा ग्लास दारूचा आहे, आणि हा फेस दारूसारखा दिसतो. निकाहच्या मजलिसमध्ये दारूची नक्कल कशाला?

भाची हिरमुसली. "खाला, तुम्हीच समजवा छोट्या नानांना," म्हणाली. मला आधी चचांचंच हसू आलं. मग वाटलं, मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, तर निदान या पेल्यात काय काय आहे ते तरी नीट बघावं. त्या आठवड्यात जे वाचलं, जुळवलं, ते इथे मांडते आहे.

सुरुवात शब्दापासून करते. 'शरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूचे आहेत. शीन, रे, बे, म्हणजे पिणे. अरबीत 'शराब' म्हणजे कोणतंही पेय. कुरआनच्या सूरह नहलमध्ये मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या मधाला 'शराब' हाच शब्द आलेला आहे. नशा आणणाऱ्या पेयाला कुरआनचा शब्द वेगळा आहे, 'खम्र'. फारसी आणि उर्दूत येईपर्यंत 'शराब'चा अर्थ आकसत आकसत दारूपुरता उरला आणि 'शरबत' गोड, निर्दोष पेयाच्या वाट्याला आला. मराठीनं तोच शब्द घेऊन 'सरबत' केला. तुर्कीत तो 'शेर्बेत' झाला, इटलीत 'सोर्बेत्तो'. औषधाच्या बाटलीवरचं 'सिरप' हेही 'शराब'चंच युरोपात गेलेलं रूप आहे. म्हणजे आपण खोकल्यासाठी मुलांना जे चमच्यानं पाजतो, त्याच्या नावातही तोच धातू आहे.

आता फळाकडे येऊ. लिंबूवर्गीय फळांचं मूळ घर ईशान्य भारत आणि त्याला लागून असलेल्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात मानलं जातं. संस्कृतमधलं 'नारंग' फारसीत 'नारंग'च राहिलं, अरबीत 'नारंज' झालं, स्पॅनिशमध्ये 'नारांखा', आणि पुढे इंग्रजांनी त्याचं 'ऑरेंज' केलं. फारसी-अरबीतलं 'लीमू', 'लैमून' युरोपात 'लेमन' म्हणून पोहोचलं. ही फळं पश्चिमेकडे नेऊन सिसिली आणि स्पेनच्या बागांमध्ये रुजवण्यात अरब शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे.

लिंबाच्या पेयावर स्वतंत्र लिखाणही बरंच जुनं आहे. बाराव्या शतकात कैरोमध्ये इब्न जुमै नावाचे हकीम होते. त्यांनी लिंबू, त्याचं शरबत आणि त्याचे उपयोग यांवर एक रिसाला लिहिला. पुढे इब्नुल बैतार या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तो आपल्या ग्रंथात घेतला आणि त्यातून तो लॅटिनमध्येही गेला. इब्न जुमै हे सुलतान सलाहुद्दीनचे वैद्य होते आणि धर्मानं ज्यू होते. अरबीत लिहिणारा ज्यू हकीम, आश्रय देणारा मुसलमान सुलतान आणि मूळचं हिंदुस्थानाकडचं फळ. आज आपण एकमेकांना 'हे तुमचं, हे आमचं' असं सांगतो, तेव्हा मला हा रिसाला आठवतो.

आपल्याकडे बाबरनं 'बाबरनामा'त हिंदुस्थानच्या फळांचं वर्णन करताना नारंज, लीमू, तुरंज, संगतरा अशी आंबट फळांची मोठी यादी दिली आहे. हाच बाबर १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी दारू सोडतो आणि सोन्या-चांदीची मद्यपात्रं फोडून गरिबांना वाटून टाकतो. अकबराच्या काळात अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त पाणी थंड करण्याची रीत नोंदवली आहे. सोरा पाण्यात विरघळवायचा आणि त्यात पाण्याचं भांडं फिरवत ठेवायचं. तोफेच्या दारूत आग भडकवणारा सोरा इथे पाणी गार करतो. डोंगरातला बर्फ लाहोरपर्यंत आणवला जायचा. सामान्य माणसाचं शरबत बहुधा माठातल्या पाण्याचंच असावं.

इथपर्यंत पेल्यात लिंबू, साखर आणि गारवा आला. चचांना खटकणारा फेस अजून यायचा आहे.

त्याची गोष्ट इंग्लंडमधल्या लीड्स शहरात सुरू होते, आणि तीही बिअरच्या भट्टीजवळ. १७६७ मध्ये जोसेफ प्रिस्टली हा धर्मोपदेशक आणि संशोधक अशा भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपावर एक जड वायू साचून राहतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं त्यावर पाणी धरून पाहिलं, तर पाण्याला चुरचुरीत चव आली. मग भट्टीची गरज न ठेवता खडू आणि आम्लापासून तोच वायू तयार करून पाण्यात मिसळण्याची रीत त्यानं शोधली आणि १७७२ मध्ये छापून जाहीर केली. लांबच्या प्रवासात खलाशांना होणारा स्कर्व्ही या पाण्यानं बरा होईल, अशी त्याची आशा होती.

ती आशा चुकली. स्कर्व्हीवरचा इलाज जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं १७४७ मध्येच पाहिला होता. त्यानं बारा आजारी खलाशांना दोन-दोनच्या जोड्यांत वेगवेगळे उपाय दिले, आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर बरी झाली. म्हणजे खलाशांना जीव दिला तो लिंबानं. सोड्यानं फक्त चव दिली, पण ती चव टिकली. जिनिव्हात जेकब श्वेप यानं १७८३ च्या सुमारास असं पाणी विकायला सुरुवात केली आणि पुढे तो धंदा लंडनला नेला. एकोणिसाव्या शतकात दारूबंदीच्या चळवळीतल्या लोकांनी हीच बुडबुड्यांची पेयं उचलून धरली. भट्टीशेजारी सापडलेली वस्तू दारू सोडणाऱ्यांच्या कामी आली.

मुंबईत सोडा रुजला तो मुख्यतः पारशी आणि इराणी मंडळींच्या हातून. १८३४ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजानं मुंबईत उतरला आणि बड्या लोकांच्या मेजवानीत तो मानाचा पदार्थ झाला. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर १८८४ पासून, आणि पुन्हा मुंबईत ड्यूक्स १८८९ पासून. पारशी लग्नाच्या पंगतीत रासबेरी सोडा नसेल तर आजही पाहुण्यांना चुकल्यासारखं वाटतं. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट घेतलेली गोटीची बाटली त्याच्या देशातून गेली, पण आपल्या बसस्टँडवर अजून आहे. ती उलटी धरून भरतात. आतल्या वायूचा दाब गोटीला रबराच्या चकतीवर घट्ट बसवतो. अंगठ्यानं गोटी आत ढकलली की 'फट्' आवाज होतो. माझ्या लहानपणी तालुक्याच्या उरुसात चचाच आम्हाला लिंबू पिळलेला गोटी सोडा पाजायचे. ही आठवण मी त्यांना करून दिली. ते हसले, पण हटले नाहीत.

मग मी फेसाचा विषय काढला. त्यांची शंका पोकळ नव्हती. हनफी फिकहच्या 'हिदाया'त 'किताबुल अशरिबा' असं प्रकरण आहे. 'अशरिबा' म्हणजे पेयं, पुन्हा तोच धातू. तिथे द्राक्षाचा रस खम्र कधी होतो याची चर्चा आहे. तो उसळला, तीव्र झाला आणि त्यानं फेस वर टाकला की, असं इमाम अबू हनीफांचं मत. त्यांच्या दोन शागिर्दांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी, फेसाची अट आवश्यक मानली नाही. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण तिथला फेस रस आंबल्याची खूण आहे, आणि सोड्यातला फेस यंत्रानं दाबून भरलेला वायू बाहेर पडतो त्याचा आहे. त्यात काही आंबत नाही, नशा तयार होत नाही. खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबू पिळलं तरी तोच वायू फसफसतो. चचांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "फेसाचं सोड. नावाचं काय?"

इथे मात्र मी अडले. 'मॉक' म्हणजे नकली, खोटं. मॉकटेल म्हणजे खोटं कॉकटेल. कॉकटेलची छापील व्याख्या अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात १८०६ साली सापडते. दारू, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचं मिश्रण, अशी. लिंबाच्या शरबतावरचा रिसाला त्याच्या सहाशे वर्षं आधीचा आहे. मग आठशे वर्षं जुन्या वस्तूनं सव्वादोनशे वर्षांच्या वस्तूची नक्कल म्हणून का मिरवावं? आम्ही दारू पीत नाही, याचा अर्थ आमच्या पेल्यात काहीतरी कमी आहे आणि त्याची भरपाई करायची आहे, असं त्या एका शब्दानं आपण स्वतःच कबूल करून टाकतो. चचांना हेच म्हणायचं होतं. मी त्यांना हसले होते, त्याची मला लाज वाटली.

शेवटी भाचीनंच तोड काढली. यादीत लिहिलं, 'लिंबू-मोसंबीचं सोडा शरबत'. ग्लास साधे, सरळ काचेचे. पेय तेच राहिलं, बुडबुड्यांसकट.

केटररला आदल्या दिवशी मी कृती सांगितली, ती इथेही देते. दहा ग्लासांसाठी सहा रसदार कागदी लिंबं, चार मोसंबी, एक वाटी साखरेचा तेवढ्याच पाण्यात केलेला पाक, चिमूटभर सैंधव, मूठभर पुदिना, दोन चमचे भिजवलेला सब्जा आणि दीड लिटर गार सोडा. पाक आदल्या दिवशी करून ठेवावा, पण फळं पाहुणे येण्याच्या वेळीच पिळावीत. मोसंबीचा रस तासन्‌तास राहिला की कडू होतो. ग्लासात आधी बर्फ, मग रस आणि पाक, मग पुदिना आणि सब्जा. सोडा सगळ्यांत शेवटी, ग्लासाच्या कडेनं हळू ओतायचा. सोडा कोमट असेल तर वायू लगेच उडून जातो, कारण तो थंड पाण्यातच जास्त विरघळून राहतो. जोरात ढवळलं तरी तेच होतं. एकदा तळापासून चमचा फिरवला की पुरे.

निकाह झाला, छुहारे उधळले, मुबारकबाद झाली. चचा खुर्चीवर बसले होते. भाचीच्या धाकट्या भावानं त्यांच्यापुढे ट्रे धरला. त्यांनी काचेचा ग्लास बाजूला सारला आणि म्हणाले, "स्टीलच्या पेल्यात आण." त्यानं आणला. चचांनी बिस्मिल्लाह म्हणून तीन घोटांत संपवला आणि मला म्हणाले, "मीठ थोडं कमी पडलंय."

पुढच्या ईदला मीठ बेतानं वाढवणार आहे.