बेदरची कचेरी आणि दामाजीपंतांची पावती

दामाजीपंतांची कथा ऐकली नाही असा विठ्ठलभक्त विरळा. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे पंतांनी भुकेल्यांस खुली केली. बादशहाने त्यांस धरून आणण्याचा हुकूम सोडला. पंत वाटेत असतानाच पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी धान्याचे मोल भरले व पावती घेतली. महिपतीने 'भक्तविजया'त वर्णिलेली ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. बेदर पाहावयास मात्र थोडेच जातात.

अहमदशहा बहामनीने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली व १४२९ ते १४३२ या काळात किल्ला उभारला. त्यातील दिवाण-इ-आम, म्हणजे लोक ज्यास जाळी महाल म्हणतात ती वास्तू, ही बहामनी राज्याची दरबारी कचेरी होय. लाकडी खांब काळाने नेले. त्यांच्या दगडी बैठका व भिंतींवरील रंगीत फरशीकामाचे अवशेष उरले आहेत. कथेतील दरबार नेमका याच जागी भरला, असा आमचा आग्रह नाही. पण राज्याचा कारभार कोठे चाले, हे येथे डोळ्यांनी दिसते.

उदगीरकडून परळी–विकाराबाद मार्गाच्या गाडीने, किंवा कलबुर्गीहून २०१७ साली सुरू झालेल्या हुमनाबादमार्गे लोहमार्गाने बेदरास उतरावे. शहरात चौबारा व महमूद गवानाचा १४७२ चा मदरसा पाहून शारझा व गुंबद दरवाजांतून किल्ल्यात शिरावे. सोळाखांबी मशिदीच्या पलीकडे ही कचेरी आहे. एखादे दालन बंद आढळल्यास तेथील पुरातत्त्व खात्याच्या माणसास विनंती करावी.

त्या रिकाम्या बैठकांपाशी उभे राहता आमच्या मनात दोन गोष्टी आल्या. पंतांनी दिलेले धान्य त्यांचे स्वतःचे नव्हते. म्हणूनच देवाने हिशेब बुडविला नाही, तो चुकता केला. आणि ज्या रूपाने देव राजदरबारी निःशंक उभा राहिला, त्या समाजास पंढरीच्या राउळाचे दार उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींस उपोषण करावे लागले. बादशहाची पावती मिळाली. आपल्या या थकबाकीची पावती आपणांस कोण देणार?