खासगी छायाचित्रांची देवाणघेवाण, किशोरवयीनांमधील (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

मोबाईलवरून स्वतःची किंवा दुसऱ्याची नग्न छायाचित्रे, चित्रफिती वा लैंगिक मजकूर मागणे, पाठवणे आणि पुढे ढकलणे. सुरुवात बहुधा विश्वासातून होते. नाते तुटले किंवा नकार मिळाला की त्याच फोटोच्या जोरावर ‘व्हायरल करीन’ अशी धमकी येते. घरचे फोन काढून घेतील, क्लास बंद करतील, या भीतीने मूल गप्प राहते आणि धमकावणाऱ्याचे फावते.

डोंबिवली प्रकरण : सप्टेंबर २०२१ मध्ये मानपाडा पोलीस ठाण्यात १५ वर्षांच्या मुलीच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला. तक्रारीनुसार, जानेवारीत काढलेल्या चित्रफितीची धमकी देऊन तिच्यावर सुमारे आठ महिने डोंबिवली, बदलापूर, मुरबाड व रबाळे येथे सामूहिक अत्याचार झाले. तक्रारीत ३३ जणांची नावे होती. तपासासाठी विशेष पथक नेमण्यात आले. एका क्लिपची दहशत मुलीला किती काळ जखडून ठेवू शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

कायदा : १८ वर्षांखालील मुलांची लैंगिक चित्रे तयार करणे, पाहणे, उतरवून घेणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे, पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाची संमती हा बचाव ठरत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ (कलम १५) अशी चित्रे साठवण्यालाही शिक्षा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे कलम अधिक स्पष्ट केले. आरोपी अल्पवयीन असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे.

मदत : चाइल्डलाइन १०९८, सायबर मदतवाहिनी १९३०, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि जवळचे पोलीस ठाणे. धमकीचे चॅट पुसू नये. खात्याचे नाव व दुवा टिपून ठेवावा. चित्र मात्र ‘पुरावा’ म्हणूनही कोणाला पाठवू नये. ‘टेक इट डाउन’ या विनामूल्य सेवेत फोटो फोनबाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे तो जुळवून चित्र हटवतात.

घरी हे कळल्यावर फोन हिसकावला, तर पुरावाही जातो आणि मुलाचा विश्वासही. आधी मुलाला धीर द्यावा, मग तक्रार करावी. दोष धमकावणाऱ्याचा आणि क्लिप पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाचा आहे, हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगावे.