पेव भरायला धान्य कुठून आणायचं?

"गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलंय" असं आपण सहज म्हणतो. पण पेव म्हणजे नेमकं काय, माहीत आहे? पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. दुष्काळी वर्षासाठी घरची ज्वारी त्यात जपून ठेवत. तोंड अरुंद, पोट मोठं. जागा कोरडी निवडायची, तळाला आणि कडेनं कडबा किंवा पेंढा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं.

यामागचं विज्ञान सोपं आहे. धान्यही श्वसन करतं आणि त्यातले किडेही. बंद खड्ड्यातला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि किडे मरतात. आजच्या हवाबंद साठवणुकीच्या पिशव्यांचं तत्त्वही हेच. अर्थात ही हवा माणसालाही मारते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आत सोडलेला कंदील विझला, तर नाहीच नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढी चांगली सोय होती, मग १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये इतकी माणसं का मेली? पाऊस पडला नाही, हे खरंच. पण पेव भरायला आधी घरात धान्य उरावं लागतं. शेतसारा रोख भरायचा, सावकाराचं देणं वेगळं. त्यामुळे अनेकांचं पीक खळ्यावरूनच विकलं जाई. दुष्काळाच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंही मान्य केलं, की देशात धान्य अजिबात नव्हतं असं नाही. लोकांच्या हाताला काम नव्हतं, म्हणून ते विकत घ्यायला पैसे नव्हते.

आज पावसाळ्याआधी आपल्याला सांगतात, घरात पाणी, कोरडा खाऊ, औषधं, टॉर्च तयार ठेवा. सल्ला योग्यच आहे. पूर येणाऱ्या गावात हे सगळं जमिनीत नाही, माळ्यावर ठेवायचं, एवढाच फरक. पण रोजच्या मजुरीवर रोजची चूल पेटते, त्या घरानं जादाचं कुठून आणायचं? २०२५ मध्ये केंद्रानं तीन महिन्यांचं रेशन पावसाळ्याआधीच वाटायला सांगितलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. साठवायची युक्ती आपल्याकडे आधीपासून होती. कमी पडलं ते साठवण्यापुरतं धान्य.